तुम्ही विचारलंत म्हणून : आधी काय बघू?

'नेहमीच्या सिनेमांपेक्षा वेगळं काहीतरी सुचवा ना,' असं मला बरेचजण विचारतात. मी दोन नावं सांगते आणि पाठोपाठ बघा म्हणते: चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) आणि आनंद पटवर्धनांचा माहितीपट 'जय भीम कॉम्रेड' (२०११).

'कोर्ट'मधल्या शाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला. त्या कामगाराच्या बायकोची साक्ष नीट ऐका. उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर खाली हवा आहे असं समजायचा. हे ती सरळ, आवाज न चढवता सांगते. मागे संगीत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. सरकारी वकीलबाई मात्र कोर्ट सुटलं की लोकलने घरी जातात, मुलाला आणतात, स्वयंपाकाला लागतात. गीतांजली कुलकर्णींनी त्यांना खलनायिका केलेलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. अशी बाई आपल्याच इमारतीत राहत असते, म्हणून तर जास्त त्रास होतो.

शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार खऱ्या आयुष्यातही चळवळीतले, 'विद्रोही' या मासिकाचे संपादक. २०२१मध्ये ते कोविडने गेले.

'असं खरंच घडतं का हो?' हा प्रश्न 'कोर्ट'नंतर येतोच. म्हणून लगेच 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. ते पटवर्धनांचे मित्र. तिथून चौदा वर्षं हे चित्रीकरण चाललं. वस्त्यांमधली गाणी, कोर्टकचेऱ्या, शेवटी कबीर कला मंच या पुण्याच्या गाणाऱ्या गटाची तरुण पोरं, असं सगळं त्यात येतं. तीन तासांचा आहे, दोन बैठकांत बघा हवं तर, पण गाणी पुढे ढकलू नका.

घरच्यांसोबत बसून बघायचं असेल तर जयंत सोमलकरचा 'स्थळ' लावा. चंद्रपूरकडचं गाव, नटही तिथलेच. लग्नाच्या सविताला बघायला येणारे पाहुणे बदलतात, तिला विचारले जाणारे प्रश्न तेच: नाव, शिक्षण, उंची. सुरुवातीच्या स्वप्नात मात्र बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारतायत. घरात कुणाचं लग्न जमवायचं चाललं असेल, तर मोठ्यांना आवर्जून शेजारी बसवा.