आटलेला म्हणून सोडलेला बोअर आणि एक जुनी विहीर: लातूरचा माझा अनुभव

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. पुढे वाघिणी ५० झाल्या. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणी भरायच्या जागांवर मार्चपासून १४४ कलम लागलं होतं. त्या रेल्वेने शहर तगवलं, यात शंका नाही. पण त्याच उन्हाळ्यात गल्लीबोळांतले जे जुने सार्वजनिक बोअर आणि विहिरी 'आटल्या' म्हणून सोडून दिल्या होत्या, त्यांतल्या काहींना पुन्हा पाणी आलं, ते फारसं कुठे छापून आलं नाही. मी भूशास्त्र शिकलेली, त्या दुरुस्तीच्या कामावर होते. त्यातल्या एका बोअरची आणि एका विहिरीची हकिगत लिहिते. तुमच्या गल्लीत असा स्रोत पडून असेल तर कुठून सुरुवात करायची, हे यातून कळेल.

बोअर जुन्या वस्तीतला, २१० फूट खोल. आधी त्यावर हापसा होता, नंतर मोटर बसवली. सकाळी दहा मिनिटं गढूळ पाणी द्यायचा आणि मग हवा ओढायचा. गल्लीचं म्हणणं एकच, "हा मेला मॅडम, नवा पाडा. हजार फुटाला तरी लागंलच की."

हे 'हजार फुटाला लागंल' मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकलं की त्याचं उत्तर आधी देते. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, लाव्हाचे थरावर थर. वर काळी माती आणि मुरूम, खाली कुठे मांजऱ्या (बारीक भोकाभोकांचा खडक), कुठे काळा पाषाण, मध्येच लाल पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. अखंड काळ्या पाषाणात भेग नसेल तर थेंब नाही. आणि जसजसं खोल जावं तसतशा भेगा दाबाने मिटत जातात. म्हणून तर सातशे-आठशे फूट जाऊन नुसती राखाडी भुकटी उडवणारे बोअर त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली पाहिले. राज्याच्या २००९च्या भूजल अधिनियमाने ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरी वेगळ्या काढून त्यांच्यावर निर्बंध घातले, तेही उगाच नाही. लोकांचा पैसा जातो, आणि चुकून एखाद्या खोल भेगेला पाणी लागलंच तर ते वर्षानुवर्षं साठलेलं, एका पावसाळ्यात भरून न येणारं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे जुना बोअर का रुसलाय ते बघणं. तिपाई उभी केली, चेनपुली लावली, क्लॅम्प बांधून वीस-वीस फुटांचे पाइप एकेक करून वर घेतले. हे काम दिसतं सोपं, पण क्लॅम्प निसटला की मोटर, पाइप, केबल सगळं तळाशी आणि मग बोअर खरोखरच मेला. आमचे मिस्त्री प्रत्येक पाइप सुटताना दुसरा क्लॅम्प हाताने हलवून बघायचे, त्याशिवाय पाना लावू द्यायचे नाहीत. चौथ्या-पाचव्या पाइपापासून बाहेरून तांबूस, बुळबुळीत थर दिसायला लागला. चिमटीत घेऊन चोळला तर रेती लागत नव्हती, साबणासारखा सरकत होता आणि कुबट वास येत होता. हे लोहजिवाणू. पाण्यातल्या लोहावर वाढतात, त्यांच्यापासून थेट आजार होत नाही, पण पाइप, मोटरची जाळी आणि खडकातल्या भेगा बुजवून टाकतात.

मोटर बाहेर आल्यावर पाण्याची पातळी मोजली. ९२ फूट. तळ लागला १७६ फुटांवर, म्हणजे खालचे ३४ फूट गाळाने भरलेले. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं, त्या हिशोबाने साडेपाचशे लिटर साठा. मोटर तो दहा मिनिटांत उपसायची आणि नवं पाणी त्या वेगाने आत येत नव्हतं. म्हणजे जमिनीत पाणी होतं, पण बोअरपर्यंत यायची वाट बंद झाली होती. आटलेला बोअर आणि बुजलेला बोअर यांत फरक करायला एक टेप पुरतो, आणि लाखभराचा खड्डा पाडायचं ठरवण्याआधी तो टेप कुणी सोडत नाही, याची मला खरोखर चीड येते.

मग कॅमेरा सोडला. मॉनिटरभोवती अख्खी गल्ली जमली, पोरं तर खांद्यावर चढून बघत होती. १७ फुटांवर लोखंडी केसिंगला, म्हणजे वरची माती-मुरूम ढासळू नये म्हणून बसवलेल्या पाइपला, गंजून तळहाताएवढं भोक पडलेलं. त्यातून मुरूम निखळत होता आणि एक हिरवट ओघळ सतत आत उतरत होता. तो ओघळ पाहिल्यावर सगळे गप्प झाले. शेजारी उघडी नाली होती आणि ओघळ कुठला हे सांगायची गरज नव्हती. १४० फुटांच्या आसपास लाल पट्ट्याखाली सांधा दिसला, तपकिरी बुळबुळीने जवळजवळ मिटलेला आणि एका कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार. ती धार दिसल्यावर मागून एक आबा म्हणाले, "जीव हाय की त्यात अजून."

ठेकेदाराचा आग्रह होता की कॉम्प्रेसर आलाच आहे तर आधी गाळ उडवून घेऊ, केसिंगचं नंतर बघू. मी ते होऊ दिलं नाही. भोक तसंच ठेवून हवेचा दाब दिला तर वरचा मुरूम ढासळत राहतो, आणि नालीचं पाणी येतच राहणार असेल तर साफ केलेल्या बोअरचा उपयोग काय? आधी जुन्या केसिंगच्या आतून पाच इंची पीव्हीसी केसिंग ४५ फुटांपर्यंत, घट्ट पाषाणात उतरवलं. बुडाला रबरी पॅकिंग, दोन केसिंगांमधल्या फटीत सिमेंटची स्लरी. ती धरेपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही. नंतर तारेच्या ब्रशने भिंती घासल्या, क्लोरीनचं द्रावण रात्रभर आत मुरू दिलं आणि मगच कॉम्प्रेसर.

आधी काळं घाण पाणी उसळलं, मग तांबडं, मग खडे आणि मुरूम, मग बऱ्याच वेळाने चहाच्या रंगाचं. मिस्त्री म्हणाले, झालं. झालं नव्हतं. काचेच्या ग्लासात घेऊन थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी काही बसत नाही, तोवर चालू ठेवलं. शेवटी व्ही-नॉच लावला. ही ९० अंशांची खाच असलेली पत्र्याची पेटी. खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली की आवक कळते. पाच सेंटिमीटर म्हणजे तासाला सुमारे २,७७० लिटर, आणि तेवढं ते मे महिन्यात टिकलं. दिवसाला आठ तास चालवला आणि माणशी ४० लिटर धरले तर साडेपाचशे माणसांचं पाणी.

मोटर पुन्हा बसवताना ती १२० फुटांवर ठेवली, १४० फुटांवरच्या त्या झऱ्याच्या वर. येणारं पाणी मोटरच्या अंगावरून वर जातं आणि ती थंड राहते. झराही उघडा पडत नाही. उघडा पडला की हवा लागून ती तांबूस बुळबुळ आणखी वेगाने वाढते. पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा रिले पॅनलमध्ये घातला. आणि पाणी वर आणणाऱ्या पाइपला बांधून पाऊण इंची पीव्हीसीची एक नळी खाली सोडली, फक्त पातळी मोजायला. त्या साध्या नळीने नंतर जेवढं काम दिलं, तेवढं कुठल्याच यंत्राने दिलं नाही.

ज्या बोअरमध्ये भेगाच अरुंद असतात तिथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हायड्रोफ्रॅक्चरिंग करते, म्हणजे पॅकर (बोअर मध्येच घट्ट बंद करणारं बूच) बसवून प्रचंड दाबाने पाणी आत दाबायचं आणि मिटलेल्या भेगा उघडायच्या. इथे त्याची गरज लागली नाही.

विहिरीचं प्रकरण मात्र वेगळंच. चार मीटर व्यासाची, ४५ फूट खोल, दगडी बांधणीची. कठडा ढासळलेला, सांध्यांतून पिंपळाची मुळं. आत निर्माल्य, प्लास्टरच्या मूर्तींचे तुकडे, प्लास्टिक, बाटल्या. गाळ वर ओढायला यारी (क्रेन) मागवली आणि पहिल्याच सकाळी वाद झाला. गडी थेट उतरायला निघाले होते आणि पाणी उपसायचं डिझेल इंजिन आत धक्क्यावर ठेवणार होते. असं इंजिन विहिरीत उतरवून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. सडक्या गाळावर प्राणवायू कमी असतो, आणि इंजिनाचा धूर त्या नळकांड्यातून बाहेर पडतच नाही. आपल्याकडे कंदील सोडून बघायची रीत आहे आणि ती चांगली आहे. ज्योत विझली तर उतरायचं नाही. पण इंजिनाच्या धुरातला विषारी वायू ज्योतीला कळत नाही. इंजिन वरच राहिलं, आत ब्लोअरने हवा सोडली, वायू मोजायचा मापक उतरवून बघितला आणि प्रत्येक गड्याच्या छातीला पट्टा, दोर वर दोघांच्या हातात. "एवढं कुणी करत न्हाई मॅडम," असं ते म्हणत राहिले. करायला हवं. विहीर कितीही मोलाची असो, माणसापेक्षा नाही.

मूर्ती आणि प्लास्टिकखाली काळा चिखल, त्याखाली पितळी तांब्या, घागरीचे काठ, जुनी नाणी. त्याच्याही खाली पूर्वेच्या अंगाने दगडांच्या फटीतून झरा वाहता झाला. गडी तोंडावर पाणी मारून घेत होते.

मिस्त्रींना आतून सगळी विहीर सिमेंटने गिलावा करून गुळगुळीत करायची होती. दिसायला छान झाली असती आणि झरे कायमचे बंद झाले असते. वरचे दहा फूट तेवढे पक्के केले, म्हणजे वरचं घाण पाणी झिरपणार नाही. खालची बांधणी कोरडीच, म्हणजे दगडांच्या सांध्यांत सिमेंट न भरता ठेवली. कठडा उंच, भोवती उताराचा सिमेंटचा ओटा, सांडपाण्याला नाली, वर जाळी.

मग नमुने दिले. सूक्ष्मजीव तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून घ्यायची, बर्फात ठेवायची आणि २४ तासांत पोचवायची. घरची धुतलेली बाटली चालत नाही. बोअरचा अहवाल चांगला आला. पाणी जड, पण आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या मर्यादेत, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय नाही. विहिरीचा अहवाल वाईट होता. ई. कोलाय होतेच, शिवाय नायट्रेट ७८. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सूट नाही, कारण बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्यापासून धोका असतो. जंतूंवर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आहे. नायट्रेटवर टीसीएलही चालत नाही आणि पाणी उकळणंही नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं.

चढाच्या बाजूला तीसेक फुटांवर एका घराची शौचालयाची टाकी होती, तळ कच्चा. त्या काकूंना हे सांगायला जाणं सगळ्यात अवघड होतं. त्यांनी चाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी भरलेलं. रागावल्या नाहीत, रडल्या. दोष त्यांचा नव्हताच, ती टाकी बांधणाऱ्याला तसं बांधायची सवय होती. गल्लीने वर्गणी काढून तिचा तळ पक्का केला, सांडपाणी गटाराला जोडलं. भेगांच्या खडकात ५० फुटांचं अंतर ठेवूनही कधी कधी पुरत नाही. टाकीचा तळ पक्का हवाच.

सप्टेंबर २०१६च्या अखेरीस पाऊस कोसळला, मांजरा भरलं. विहीर पाण्याने वर आली आणि पुढच्या तपासणीत नायट्रेट ५२ निघालं. उतरलं, पण ४५च्या वरच. लोकांनी फार गळ घातली, "एवढं नितळ पाणी, प्यायला काय हरकत?" हरकत होती. कठड्यावर 'वापराचे पाणी, पिण्यासाठी नाही' असं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. मला तेव्हा वाईट वाटलं, अजूनही वाटतं, पण प्यायला बोअर आणि वापरायला विहीर एवढी विभागणी झाल्याने बोअरवरचा निम्मा भार उतरला. अहवाल मर्यादेत येईपर्यंत पाटी तशीच राहील.

गल्लीच्या हातात दिलेली कामं मोजकी आहेत. टीसीएलचा हिशोब भिंतीवर लिहिलाय. चार मीटर व्यास, तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या मापाने ९५ ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं निवळ तेवढं ओतायचं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं की पावडरीचा दम जातो, म्हणून ते बांधून सावलीत. नळाच्या पाण्याला तासाभराने ओटीचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघायचं. पातळीची वही कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्या मावशींकडे असते. दर महिन्याला त्या स्वतः नळीतून टेप सोडतात, आणि मेचा व ऑक्टोबरचा आकडा लाल पेनाने लिहितात.

त्या वहीतून गेल्या वर्षी कळलं की मोटर तीच, वेळ तीच, पण उपसा संपताना पातळी पूर्वीपेक्षा १५ फुटांनी जास्त खाली जातेय. म्हणजे बुळबुळ पुन्हा धरतेय. या मे महिन्यात मोटर वर काढून ब्रश आणि क्लोरीन, आणि जीआयचे (लोखंडी) पाइप जाऊन यूपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) येणार आहेत, म्हणजे निदान गंज तरी पाण्यात उतरणार नाही. तिपाई आमचीच आहे, चेनपुली तेवढी भाड्याने आणायची.