तुम्ही विचारलंत म्हणून : मार्शाजवळचे पत्र

जुन्या अमेरिकी मालिकांचा विषय निघाला की मला हटकून विचारले जाते, ‘द ब्रेडी बंच’चे ११७ भाग असताना तुम्ही गायक डेव्ही जोन्सचाच भाग पुन्हा पुन्हा का लावता? गाण्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी तो एका पत्रासाठी पाहतो.

१० डिसेंबर १९७१ रोजी एबीसी वाहिनीवर दाखवलेल्या या भागात ब्रेडी कुटुंबातली शाळकरी मुलगी मार्शा ही डेव्हीच्या चाहत्यांच्या मंडळाची अध्यक्ष आहे. तुमच्या गावी आलो तर हवी ती मदत करीन, अशा आशयाचे त्याचे पत्र तिच्याजवळ आहे, आणि त्या गोडगोड उत्तरालाच दिलेला शब्द समजून, शाळेच्या प्रॉमला, म्हणजे जोडीजोडीने जायच्या नाचाच्या समारंभाला, डेव्ही गायला येणार असे ती मैत्रिणींना सांगून बसते. मग शोधाशोध सुरू होते. तो काही भेटत नाही. अखेर ध्वनिमुद्रणाच्या जागी चाललेली तिची विनवणी त्याच्या कानावर पडते आणि तो नवी रेकॉर्ड घेऊन थेट तिच्या दारात उभा राहतो. गाईन, पण प्रॉमला तू माझी जोडीदार हवीस, ही त्याची अट. ती हरखून त्याच्या गालाचा मुका घेते, तेव्हा तो दुसरा गाल पुढे करत विचारतो, ‘आणि उलटी बाजू?’ रेकॉर्ड उलटून ऐकायची असते हे ज्या पिढीला ठाऊक होते, तिच्यासाठीच हा विनोद आहे.

पंचविशीतला गायक आणि शाळकरी मुलगी ही जोडी आज खटकते, मलाही खटकते; लेखकांनी मात्र प्रकरण गालापलीकडे जाऊ दिलेले नाही.

मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. ज्या ‘मंकीज’ या गायक-वादकांच्या चमूमुळे डेव्ही घरोघरी पोहोचला, तो १९६६ साली एनबीसीच्या मालिकेसाठी निवडचाचणी घेऊन जमवलेला होता आणि या भागापूर्वीच तो फुटला होता. म्हणजे मार्शा ज्याच्यासाठी जीव टाकते, त्या गायकालाही तेव्हा मार्शासारख्या चाहत्यांची गरज होती, पण मालिका या गरजेचा पत्ता लागू देत नाही.

१९९५ साली या मालिकेवर चित्रपट निघाला. त्यात डेव्ही शाळेत येऊन या भागातले ‘गर्ल’ हेच गाणे गातो, आणि या खेपेला त्याच्यावर भाळतात त्या शाळेतल्या शिक्षिका.