शिखरावर एकटीचा मुक्काम आणि त्याआधीचं संमतीपत्र

हिवाळ्यात हिमालयात एकट्यानं तंबू टाकून राहायचं असेल तर थंडीची काळजी दुसऱ्या नंबरावर ठेवा. थंडीवर उपाय आहेत आणि ते विकत मिळतात. कागद अडला की मात्र कुठल्या दुकानात जायचं ते कळत नाही. आणि तुम्ही बाई असाल तर कागद अडणार हे धरूनच चाला. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. एका पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे, म्हणजे दिवसभर लोकांचे अर्ज तपासायचे, कुठं सही राहिली, कुठला दाखला जोडला नाही ते बघायचं. अर्ज कसा भरतात हे मला कुणी शिकवायला नको. पन्हाळा ते विशाळगड भर पावसात चालले आहे, मसाई पठारावर राहिले आहे, बर्फात गटाबरोबर जाऊन आले आहे, घसरलं तर बर्फकुऱ्हाडीनं स्वतःला कसं थांबवायचं तेही रीतसर शिकले आहे. मनात राहिलं होतं ते शिखरावर एकटीनं रात्र काढणं.

डोंगराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उत्तराखंडातला आहे, साडेबारा हजार फुटांच्या आसपासचा, माथा रुंद आणि सपाट. नाव लिहिलं की परवाना देणारी कचेरीही ओळखू येईल आणि तिथल्या माणसांना उगाच त्रास होईल.

अर्ज ईमेलनं आला, हिंदीतला. ओळखपत्र, डॉक्टरांचा दाखला, हमीपत्र, कचरा परत आणण्यासाठी अनामत रक्कम, हे सगळं भराभर झालं. तिसऱ्या पानावर ‘दल के सदस्यों की संख्या’ असा रकाना होता. मी तिथं १ लिहिलं. त्याच्या खाली बारीक अक्षरात होतं की महिला एकटी असेल तर पिता किंवा पतीची सहमती जोडावी. मी ती जागा आडवी रेघ मारून सोडून दिली. अर्ज परत आला. शेरा, ‘अपूर्ण’.

फोन केला. पलीकडचा कारकून नीट बोलत होता, आवाज चढवला नाही, हे सांगायला पाहिजे.

“मैडम, पिताजी या पति के साइन नहीं हैं.”

वडील वारले, लग्न केलेलं नाही, असं सांगितलं.

“फिर भाई तो होगा?”

भाऊ आहे. इचलकरंजीला असतो, माझ्यापेक्षा बराच लहान. त्याच्या गाडीच्या कर्जाला जामीन मी आहे. म्हणजे त्याचा हप्ता थकला तर बँक मला धरणार, आणि मी डोंगरावर जावं की नाही ते तो ठरवणार. हे त्या कारकुनाला हिंदीत समजावून सांगताना माझ्या तोंडाला कोरड पडली. तो म्हणाला, “फॉर्मेट ऐसा ही है.”

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “त्यास्नी सांग, पोरगी माझी हाय. सही लागंलच तर माझी लागंल.” मग रविवारी चष्मा लावून, आधी रद्दी कागदावर दोनदा सराव करून, तिनं सही केली. मजकूरही तिचाच होता. माझी मुलगी सज्ञान आहे, कमावती आहे, आजवर गेली तशी सुखरूप परत आली आहे, माझी हरकत नाही. मी ते स्कॅन करून पाठवलं. ते परत आलं. कारण दोन. रकान्यात माता हा शब्द नाही, आणि मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत पाहिजे.

भाऊ बिचारा म्हणाला, “ताई, मी करतो की सही, दोन मिनिटांचं काम आहे.” ऑफिसातही सगळे हेच म्हणाले. सही घे, विषय संपव, एवढं काय ताणायचं. कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केलं तेव्हा आपल्या कोल्हापूरची पोरगी म्हणून याच मंडळींनी व्हॉट्सॲपवर दिवसभर फोटो फिरवले होते. मला कुणाला नावं ठेवायची नाहीत, ते माझ्या सोयीचंच सांगत होते. पण चाळिशीला आलेल्या बाईनं धाकट्या भावाची परवानगी जोडायची आणि ते कागदावर कायम राहणार, हे मला पटेना. मी सही घेतली नाही.

मग मी तेच केलं जे आमच्याकडं येणाऱ्या कर्जदाराला मी स्वतः सांगत असते. तोंडी विचारू नका, लेखी विचारा. ईमेल लिहिला. ही अट कुठल्या आदेशात आहे, त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख कळवावी. एकटा पुरुष अर्ज करतो तेव्हा त्याच्याकडून कोणाची संमती घेतली जाते, तेही कळवावं. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानं १८ वर्षं पुरी झालेली व्यक्ती सज्ञान असते, सोबत जन्मतारखेचा पुरावा जोडला आहे. भाषा सभ्य ठेवली. रागानं लिहिलेली पत्रं फायलीत तळाला जातात, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे.

उत्तर येईना. फोन करावा तर साहेब दौऱ्यावर, नाहीतर जेवायची सुट्टी, नाहीतर रेंज नाही. इकडं रजा मंजूर झालेली. कोल्हापूर ते निजामुद्दीन थेट गाडी आठवड्यातून एकदा, आणि आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळं तिकीट आधी काढावंच लागतं. माझं काढलेलं होतं, ते रद्द करून पुढच्या आठवड्याचं काढलं, तेही रद्द करावं लागलं. माहिती अधिकारात अर्ज टाकता आला असता, पण त्यात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तोवर जानेवारी संपला असता. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मी ईमेल उघडून बघायची. थंडीत हातपाय गारठले, वारा लागला, त्याचं मला काही वाटत नाही. ते वाट बघणं मात्र अजून आठवलं तरी डोकं तापतं.

शेवटी वरच्या साहेबांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. सज्ञान अर्जदाराला संमतीची गरज नाही. नोंदणी असलेला स्थानिक गाईड शेवटच्या कॅम्पपर्यंत सोबत असावा आणि रात्री त्यानं तिथंच थांबावं. म्हणजे आदेश बिदेश काही नव्हताच. कुणीतरी कधीतरी टाईप केलेला रकाना वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आला होता. गाईडची अट मला शंभर टक्के मान्य आहे. हिवाळ्यात वर कुणाला काही झालं तर शोधायला गावातलीच पोरं जीव धोक्यात घालून जातात, त्यांना आधीपासून माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. एवढ्या कागदांत मला थंडीबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. पहिल्यांदा विचारलं ते गाईडनं, गावात भेटल्यावर, सॅक हातात घेऊन वजन बघत. “दीदी, गैस कौन सी है? नीचे मैट क्या है? रात को सिर दुखा तो क्या करोगी?” अर्जात हे तीन प्रश्न छापले तर अर्धी माणसं आपणहून घरी थांबतील आणि उरलेली जिवंत परत येतील.

गॅसचं सांगते. साध्या कॅनिस्टरमध्ये नुसता ब्युटेन असतो. तो समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाखाली वायू होईनासाच होतो, म्हणजे डबा भरलेला पण स्टोव्ह पेटत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यानं थोडी सवलत मिळते, पण त्यावर विसंबू नका. आयसोब्युटेन उणे ११-१२ पर्यंत चालतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. डब्यावर या दोघांचं मिश्रण लिहिलेलं असेल तोच घ्या. कोल्हापुरातून न्यायचा प्रश्नच नाही. विमानात बंदी आहे आणि रेल्वेतही, १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्याला शिक्षा आहे. मी डेहराडूनला घेतला. तिथं रेल्वे स्टेशनला लागूनच डोंगराकडच्या बसेसचा स्टँड आहे. बस पहाटे सुटतात, त्यामुळं गॅस आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा, सकाळी दुकानं बंद असतात.

मॅटची परीक्षा मी घरीच घेतली होती. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या, गच्चीवर ताडपत्री टाकून शेजारी शेजारी मांडल्या, आणि त्यावर आधी फोमची घडीची मॅट, वर हवेची, असं करून रात्री झोपले. पाठीला गारवा लागला नाही. नुसत्या हवेच्या मॅटवर झोपले तेव्हा मध्यरात्रीच जाग आली. स्लीपिंग बॅग कितीही भारी घ्या, अंगाखालची पिसं दबतात आणि गारवा खालून येतो, त्यामुळं पैसे मॅटवर आधी घाला. बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट म्हणजे आरामात झोप लागते तो, आणि लिमिट म्हणजे कसाबसा निभाव लागतो तो. बायकांनी कम्फर्टचाच आकडा बघायचा. दुकानदार लिमिटचा सांगतो.

डोकं दुखलं तर खाली यायचं, हे माझं उत्तर. गोळी घेऊन पडून राहायचं नाही. गाईडनं मान हलवली आणि सॅक परत दिली.

चढाईचं काही सांगण्यासारखं नाही. वाट मळलेली होती, मायक्रोस्पाइक्सवर, म्हणजे बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्यांवर निभावलं. आदल्या दोन दिवसांत नवा बर्फ पडला नव्हता ते बरं झालं. ताज्या बर्फानंतर ३० ते ४५ अंशांच्या उतारावर पाऊल घालायचं नाही, हिमस्खलनं बहुतेक तिथूनच सुटतात.

माथ्यावर तीनपर्यंत पोचावं. तंबूची जागा बुटांनी तुडवून घट्ट करायची आणि मग अर्धा तास काहीही न करता थांबायचं, तेवढ्यात बर्फ आळतो. घाई केली तर रात्री कोपराखाली खड्डे पडतात. खुंट्या भुसभुशीत बर्फात टिकत नाहीत. कापडी पिशव्यांत बर्फ भरून, त्यांना दोरी बांधून, आडव्या पुरायच्या. पहाटे त्या पिशव्या उपटताना अंगठ्याएवढ्या जाड काठीनं खणून काढाव्या लागल्या, इतक्या घट्ट बसल्या होत्या.

पाणी म्हणजे बर्फ वितळवणं, आणि त्यात दोन तास जातात. पातेल्यात तळाला घोटभर पाणी आधीच असलं पाहिजे, कोरडा बर्फ ठेवला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. त्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, डाळ-तांदळाच्या नादाला लागू नका. मी भाजलेला रवा आणि पातळ पोहे नेले होते. स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार उघडं टाकून उंबऱ्याबाहेर पेटवायचा, हात गारठले तरी.

साडेपाचला सूर्य गेला, उगवला सातनंतर. मधले साडेतेरा तास कसे काढायचे याचा विचार करून जा. मी कॅनिस्टर, मोबाईल, हेडलॅम्पच्या बॅटऱ्या, ओले मोजे सगळं स्लीपिंग बॅगेत घेतलं. उकळतं पाणी भरलेली बाटली पायांशी ठेवली. उरलेल्या बाटल्या उलट्या ठेवायच्या, बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं. आठ वाजता ठरल्याप्रमाणे माथ्याच्या कडेला येऊन हेडलॅम्प तीनदा लावला. खालून गाईडनं तीनदा लावला. मोबाईलला रेंज नसते, आणि ऑनलाईन मिळणारी सॅटेलाईटची यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, पकडलं तर मोठं लचांड होतं. त्यामुळं अशी खूण आधी ठरवून ठेवा.

पहाटे थर्मामीटर उणे १४ दाखवत होता. श्वासाची वाफ तंबूच्या आतून गोठून पांढरा थर धरला होता, कापडाला हात लागला की मानेवर भुगा पडायचा. झडपा उघड्या ठेवूनही हे होतं, झडपा बंद केल्या तर स्लीपिंग बॅगच भिजते. मी ठीक होते, बोटं हलत होती, डोकं शांत होतं. सूर्य वर आला तेव्हा मी माथ्यावर उभी राहून मोठ्यानं “अंबाबाईच्या नावानं चांगभलं” म्हणाले आणि मला माझा फार अभिमान वाटला.

आईनं दिलेले डिंकाचे लाडू आणि गूळ घरीच खलबत्त्यात फोडून नेले होते, वर ते फुटत नाहीत. शेंगदाण्याची चटणी मऊ राहते. गॉगल पहाटेपासून लावा, बर्फावरून उलटलेल्या उन्हानं डोळे दुखावतात.

खाली येऊन कचऱ्याची पिशवी कचेरीत मोजून दिली. अनामत रक्कम खात्यावर जमा होईल म्हणून मूळ पावती ठेवून घेऊ लागले. मी मूळ पावती दिली नाही. झेरॉक्स दिली आणि मूळ पावतीवर परतीचा शिक्का आणि तारीख मारून घेतली. पैसे अजून आलेले नाहीत. पावती कपाटात आहे आणि दुसरा ईमेल कालच टाकला आहे. त्यात त्या तिसऱ्या पानावरचा रकाना काढला का, हेही विचारलं आहे.