झाकता न येणारी फ्रेज

इंग्रजीतली प्रीपोझिशनल फ्रेज, म्हणजे 'ऑन', 'ऑफ', 'इन' अशा शब्दाने सुरू होणारा शब्दसमूह, शिकवताना मी मुलांना आधी कंस करायला लावते. फ्रेज कंसात घाला, कंस बोटाने झाका, उरलेलं वाक्य वाचा. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण 'द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स आर मिसिंग' लिहिणाऱ्या मुलाने 'ऑफ ओल्ड लेटर्स' झाकलं की कर्ता 'बॉक्स' आहे हे त्याला दिसतं आणि 'आर'चं 'इज' तो स्वतःच करतो. नियम पाठ करून हे होत नाही.

त्या दिवशी फळ्यावर 'शी पुट द कीज ऑन द टेबल' होतं. एरवी गप्प बसणारी एक मुलगी उठली. "मॅडम, 'ऑन द टेबल' झाकलं तर वाक्यच राहत नाही. 'शी पुट द कीज.' कुठे?"

ठरवलेला धडा मी तिथेच सोडला. 'पुट' पुसून 'फाउंड' लिहिलं. आता फ्रेज झाकली तरी वाक्य उभं राहिलं. म्हणजे फ्रेज तीच, शब्द तेच, फरक क्रियापदाचा. शिवाय 'फाउंड'च्या वाक्यात दोन अर्थ निघाले: किल्ल्या टेबलावर सापडल्या, किंवा टेबलावरच्या किल्ल्या सापडल्या. 'शी फाउंड देम ऑन द टेबल' म्हटलं की पहिलाच अर्थ उरतो, कारण दुसऱ्या अर्थात फ्रेज नामाचाच भाग असते आणि 'देम' नामासोबत तिचीही जागा घेतं. ही कसोटी मुलांनी उचलली आणि पुढे तासभर वर्ग त्यांनीच चालवला. इतका जिवंत तास क्वचित मिळतो.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, "परीक्षेत फ्रेज अ‍ॅडजेक्टिव्हचं काम करते की अ‍ॅडव्हर्बचं, एवढंच विचारतात. कशाला गोंधळ घालता?" मला हे पटत नाही. गोंधळ त्या दोन कप्प्यांनीच घातलाय. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या इंग्रजी व्याकरणात 'पुट'सारख्या क्रियापदांसाठी वेगळा वाक्यप्रकार आहे, त्यात हे अ‍ॅडव्हर्बिअल, म्हणजे कुठे-कधी-कसं सांगणारा भाग, अनिवार्य मानलंय. हडलस्टन आणि पुलम २००२च्या आपल्या व्याकरणात त्याला सरळ कॉम्प्लिमेंट, म्हणजे क्रियापदाचा पूरक भाग, म्हणतात. म्हणजे मुलीने विचारलं ते जाणकारांनी कधीच नोंदवलंय, आपण मात्र वर्गापर्यंत ते पोचू देत नाही.

आता माझ्या सरावपत्रिकेत तिसरा रकाना आहे: 'क्रियापदाने मागितलेली'. 'डिपेंड्स ऑन हर ब्रदर' तिथे बिनबोभाट जातं. अडलंय ते 'दे लिव्ह इन अ स्मॉल हाउस'पाशी. फ्रेज झाकली तर 'दे लिव्ह' हे वाक्य चुकत नाही, पण ते राहत असल्याचं न सांगता जिवंत असल्याचं सांगू लागतं. माझ्या मते ती तिसऱ्या रकान्यातच हवी. अर्धा वर्ग म्हणतो, वाक्य उभं राहतंय ना, मग नको. त्यांना पटेल अशी कसोटी मी अजून शोधतेय.