बाणावलीची गाडी आणि तिचं चाक

मडगावहून बाणावलीला लोक जातात ते किनाऱ्यासाठी. आम्ही गेलो ‘गोवा चित्रा’ हे जुन्या वस्तूंचं संग्रहालय बघायला. बरोबर वडील होते, उभा जन्म शेतीत काढलेले.

व्हिक्टर ह्यूगो गोम्स या चित्रकाराने हे संग्रहालय उभं केलं. लोक जुनी लाकडं, अवजारं मोडीत काढत होते त्या काळात ते दारोदार फिरून ती गोळा करत राहिले. आज इथे 4,000हून अधिक वस्तू आहेत. इमारतीलाही पाडलेल्या जुन्या घरांचे खांब आणि दारं-खिडक्या वापरल्यात. एकट्या माणसाच्या ध्यासातून एवढं उभं राहतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

नांगर, जू, कोयते, धान्य मोजायची मापं, माडाची सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेरांचं साहित्य. हे सगळं बघताना गोव्याची खाजन शेती डोळ्यांपुढे ठेवावी. खाडीला बांध घालून ही भाताची जमीन राखली. बांधात पाणी आत-बाहेर सोडायची जी वाट असते ती मानस; तिची दारं भरतीच्या पाण्याच्या दाबानेच मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. एका नांगराचं रुमणं, म्हणजे धरायचा दांडा, मुठीच्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. वडील तिथून हलेचनात.

वाहनांचा विभाग ‘गोवा चक्र’. इथे बग्ग्या आहेत, पालख्या आहेत. फोटो त्यांचेच जास्त निघतात. पालखीची दांडी बघताना मला मात्र आत बसणाऱ्यापेक्षा ती खांद्यावर वाहणारे भोईच आठवत राहिले. माझा जीव रमला तो बैलगाड्यांत.

चाकापाशी वडील खाली बसले. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर लाकडी पाटे आणि वरून लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी.

“आबा, ही धाव खिळ्यांवर टिकते का हो?”

“खिळे कशाला? धाव चाकापेक्षा जरा लहानच करायची. गोवऱ्यांच्या जाळात लाल केली की फुगते. मग सांडशीनं धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. आवळून धरते बघ, सगळे सांधे गच्च होतात.”

किती लहान करायची, हा सगळा हिशेब लोहाराच्या नजरेत. सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव निसटते, फार घट्ट झाली तर आरे वाकतात. सुताराचं आणि लोहाराचं काम एकमेकांत असं गुंतलेलं मी एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

संग्रहालय माहितगारासोबत फिरून दाखवतात, तेव्हा घाई करू नका. प्रश्न विचारा. आणि घरात शेती केलेलं कुणी वडीलधारं असेल तर त्यांना बरोबर न्याच. पाटीवर मावत नाही ते त्यांच्याकडून कळतं.