पार्ड्या, नोंद ९ : कबुली अखेर जमली, केकच्या तुकड्यामुळे

मंडळी, तीन आठवडे गप्प होतो, कारण सांगण्यासारखी फक्त कुरकुर होती. काल रात्री पावणेदोनला गाडी रुळावर आली. नव्यांसाठी एका ओळीत : पार्ड्या म्हणजे इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला पार्डनर, पैसे घेऊन पापांची क्षमापत्रं वाटणारा भामटा; त्याचं बाहुलं करून, सेकंदाला बारा फोटो जोडत, मी त्याला आजच्या रीलवाल्याच्या रूपात पडद्यावर आणतोय. नोंद ८ वाचलेल्यांना आठवत असेल, पार्ड्या कबुलीच्या प्रसंगात अडकला होता, म्हणजे जिथे तो आपली लबाडी स्वतःच सांगतो तिथे. अक्षरशः अडकला होता : उजवा हात वर, तोंड उघडं, टेबलावर धूळ खात. घरी त्याचं नाव 'तो पिवळ्या केसांचा' असं पडलंय आणि केर काढताना त्याच्या टेबलाला वळसा घालून झाडू फिरतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो.

केस झाले! चॉसरनं पार्डनरचे केस मेणासारखे पिवळे सांगितलेत, जवसाच्या तंतूंचा झुपका लोंबावा तसे सपाट, विरळ बटा खांद्यांवर पसरलेल्या. मी दोन महिने लोकरीशी झटापट केली. लोकर फुगते, आणि फुगलेले केस आले की हा माणूस उगाच गोंडस दिसतो. मग एका संध्याकाळी ट्यूब पेटली. जवसाचा तंतू म्हणजे लिनन! आपण ज्याच्या बियांची चटणी खातो त्याच झाडाच्या देठातून तो धागा निघतो. खालच्या शिंप्याकडून लिननच्या शर्टांची कातरणं पिशवीभर आणली (फुकट, वर चहा), धागे उसवले, हळदीच्या पाण्यात उकळले आणि वाळल्यावर बोटानं मेण चोळलं. असे ओशट, गुळगुळीत लोंबतात की बघून अंगावर काटा येतो. एकच घोळ झाला : हळदीचा रंग उन्हानं उडतो. चार दिवस खिडकीशी राहिला आणि पार्ड्या पिकला. पुन्हा रंगवलाय, आता बुटाच्या खोक्यात झोपतो.

क्रॉसही झाला. मूळचा लॅटनचा, म्हणजे पितळेच्या जातीचा, वर खडे जडवलेले. सगळा दिखाऊ माल. तुळशीबागेतून आणलेल्या कानातल्यांची एक जोडी मोडली. खोट्या दागिन्यासाठी खोटाच दागिना मोडायला मजा आली.

आवाजाचं मात्र अजून साठ टक्केच काम झालंय. बकरीसारखा बारीक हवा. नुसती पट्टी चढवली की कार्टूनमधली खार बोलू लागते. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये खालचे सूर बरेचसे कापून वर हलका थरथराट दिला तर जवळपास जातं. इथे एक मत नोंदवून ठेवतो : 'आजूबाजूचा आवाज आपोआप घालवतो' अशी जाहिरात असलेले स्वस्त कॉलर माइक घेऊ नका. माझ्या माइकला बकरीची थरथरसुद्धा गोंगाट वाटली आणि त्यानं तीही पुसून टाकली. साधा वायरवाला माइक आणि डोक्यावरून पांघरलेली गोधडी, याला तोड नाही.

आता मूळ दुखणं.

पार्डनरच्या बाकीच्या करामती आजच्या पडद्यावर विनासायास बसल्या, हे तुम्ही आधीच्या नोंदींत पाहिलंय. गावात शिरल्यावर तो आधी पोपची पत्रं आणि शिक्का दाखवतो, म्हणजे कुणी अडवू नये. ती झाली निळी टिक. प्रवचनात चार लॅटिन शब्द टाकतो, खिरीत केशराच्या काड्या टाकाव्यात तसे, रंगापुरते. केशराची उपमा चॉसरचीच. आमचा पार्ड्या तिथे 'क्वांटम' आणि 'डिटॉक्स' टाकतो. ज्यांच्याशी वाकडं आहे त्यांना नाव न घेता असे टोमणे मारतो की सगळ्या गावाला कळावं. यात तर मला काही बदलावंच लागलं नाही. आणि माझी सगळ्यात लाडकी युक्ती : तो सांगतो की, कुणी लाजेनं सांगताही येणार नाही असं पाप केलं असेल, किंवा एखादीनं नवऱ्याला फसवलं असेल, तर त्यांना माझ्या पवित्र अवशेषांना (संतांच्या म्हणून दाखवलेल्या हाडांना, कापडांना) दक्षिणा देताच येणार नाही. झालं! जो जागचा हलणार नाही तो पापी ठरतो, म्हणून अख्खं चर्च उठून रांगेत येतं. आमच्या रीलमध्ये ते असं आलं : "ज्यांनी खरंच काहीतरी भयंकर केलंय त्यांनी कृपया हे शेअर करू नका, तुमच्या हातून ते जाणारच नाही." अठरा सेकंद, दोनशे सोळा फोटो, पहिल्याच फटक्यात मनासारखं. त्या दिवशी मी भजी मागवली होती.

पण कबुली? सहा शतकांपूर्वीचा हा माणूस कँटरबरीच्या वाटेवर सोबतच्या यात्रेकरूंना स्वतःहून सगळं सांगून टाकतो. उशीचा अभ्रा मेरीमातेचा पदर म्हणून दाखवतो. काचेच्या डबीतली हाडं डुकराची. दरवर्षी शंभर मार्क सुटतात (एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे शंभर मार्क साधारण ६७ पौंड; गावच्या पाद्र्याला दोन महिन्यांत मिळत नाही ते हा एका दिवसात उचलतो). प्रवचनाचा विषय कायम एकच, 'लोभ हे सगळ्या पापांचं मूळ', आणि तो सांगतो तोही लोभापायीच. हे सगळं बोलून झाल्यावर गोष्ट सांगतो आणि गोष्ट संपताच त्याच लोकांना म्हणतो, या, अवशेषांचं चुंबन घ्या, पाकीट सोडा.

हे आजच्या माणसाच्या तोंडी घालायचं कसं?

पहिला प्रयत्न : लाइव्ह संपलं असं समजून तो बोलत राहतो आणि कॅमेरा चालूच. नोंद ६ मध्ये मी यावर भलताच खूश होतो. सत्तर सेकंद, आठशे चाळीस फोटो. जोडून पाहिलं आणि पोटात गोळा आला, कारण तो 'पकडला गेला' होता. मुळात त्याला कुणीच पकडत नाही. त्याच्या बोलण्यात चूक नाही, पश्चात्ताप नाही, उलट कसबी कारागिराचा तोरा आहे. आठशे चाळीस फोटो केराच्या टोपलीत गेले.

दुसरा प्रयत्न : दोन तासांच्या गप्पांच्या कार्यक्रमात पाहुणा. बरा होता, पण मुलाखतकाराचं एक बाहुलं वाढलं, आणि मुलाखतकार प्रश्न विचारायला लागला की कबुली त्याची होते. पार्ड्याला कुणी विचारायलाच नको.

तिसरा, 'मी कसा विकतो' हा पैसे भरून शिकायचा कोर्स. तुमच्यापैकी तिघांनी हाच सुचवला होता. चतुर आहे, मान्य, पण फारच चतुर. कोर्समध्ये तो शिकवतो. मुळात शिकवत नाही, मिरवतो. शिवाय कोर्सचे विद्यार्थी म्हणजे त्याच्याच धंद्यातले होऊ घातलेले लोक. ते अवशेष कशाला विकत घेतील?

इथे एकानं पुन्हा निरोप पाठवलाय की त्याला सरळ आपल्याकडचा बाबा कर, सगळं सुटेल. नोंद ३ मध्ये यावर भांडून झालंय, तरी थोडक्यात सांगतो. पार्डनरमागे एक विशिष्ट यंत्रणा आहे : रोमहून आलेली पत्रं, पापाच्या शिक्षेत सूट देणारी क्षमापत्रं, आणि इस्पितळासाठी निधी गोळा करण्याची परवानगी. हा पठ्ठ्या स्वतःला लंडनच्या चेअरिंग क्रॉसजवळच्या राउन्सिव्हलचा म्हणवतो आणि तिथे खरोखरच एक धर्मादाय इस्पितळ होतं. असे निधी गोळा करणारे इतके बोकाळले की कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६२ मध्ये हे पदच मोडीत काढलं. हे सगळं सोलून काढलं तर हातात नुसता ढोंगी माणूस उरतो, आणि तो काय कुठेही मिळतो. वारीच्या वाटेवर त्याला सोडायचा मोह मलाही झाला होता, नाही म्हणत नाही. पण तो लंडनच्या साउथवर्कहून (मूळ यात्रा तिथूनच निघते) बसनं निघालेल्या टोळक्यातच राहील.

तर काल रात्री. वैतागून मूळ मजकूर पुन्हा काढला. कबुलीचा भाग नको, त्याच्या आधीच्या ओळी वाचू म्हटलं. वैद्याची गोष्ट नुकतीच संपलीय, खानावळवाला हॅरी बेली रडकुंडीला आलाय आणि पार्डनरला म्हणतो, काहीतरी मजेदार सांग. बाकीचे ओरडतात, चावट नको, बोधाचं सांग. आणि पार्डनर म्हणतो, सांगतो, पण आधी या दारूच्या पाटीपाशी थांबून घोटभर पिऊन केकचा एक तुकडा खाऊ दे.

केक! नऊ महिने ही ओळ माझ्या नाकासमोर होती आणि मी ती 'वातावरण' म्हणून सोडून देत होतो.

अहो, तो खाता खाता बोलतोय! कॅमेरा समोर टेकवून, घास घेत, तोंड पुसत, "तुम्ही आपली माणसं, तुमच्यापासून काय लपवायचं" असं म्हणत केलेलं ते लाइव्ह आहे. जेवता जेवता गप्पा मारणाऱ्यांचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो, आणि तिथे माणूस काहीही बोलला तरी ते मनमोकळं वाटतं. खोटेपणाची कबुलीसुद्धा जवळीक म्हणून खपते. आणि जवळीक झाली की शेवटी लिंक टाकायला मोकळा.

लगेच बसलो. कँटरबरीच्या वाटेवर बस थांबते ते हमरस्त्यावरचं खाण्याचं ठिकाण, प्लास्टिकचं टेबल, बिअरचा ग्लास, केक. केक मातीचा केला होता, पण घास तुटताना तो रबरासारखा ताणला जायचा. शेवटी खरा मावा केक आणला आणि चिमट्यानं एकेक कण उचलला. (पहाटेपर्यंत मुंग्या आल्या. सात फ्रेममध्ये एक मुंगी आहे, ती मी ठेवतोय.) फक्त पहिली बावीस सेकंद झालीत, पण ती चालतात. आवाज थरथरतो, घास गिळताना क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यातच खरी मजा आहे. आजवर बाहुल्याला इतका जिवंत मी पाहिला नव्हता.

सकाळी तो तुकडा हातमोज्याच्या रीलला जोडून सहा जणांना पाठवला. हातमोजा तुम्हाला आठवतच असेल : जो त्यात हात घालील त्याचं पीक वाढेल, मात्र आधी नाणं ठेवायला हवं. म्हणजे आधी पार्ड्या स्वच्छ सांगतो की हे सगळं थोतांड आहे आणि पुढच्या मिनिटाला हातमोजा दाखवतो. मावशीचं उत्तर आलं : "छान आहे रे. धुता येतो का तो?"

आता पुढचं. बेत असा होता की पार्डनरची गोष्ट स्वतंत्र, तीन मिनिटांची. तीन दारुडे मृत्यूला मारायला निघतात, झाडाखाली सोन्याचा ढीग सापडतो, धाकटा गावात जाऊन दारूत विष कालवतो, दोघे त्याला भोसकतात आणि मग तीच दारू पितात. गोष्टीचा हा सांगाडा आपल्याकडून गेलेला म्हणतात. वेदब्भ जातक या बौद्ध कथेत हीच खूनबाजी आहे, फक्त तिथे दारूऐवजी विषारी भात. त्यासाठी तीन नवीन बाहुली, म्हणजे तीन तारेचे सांगाडे, आणि तार पुन्हा महागलीय. शिवाय ऑनलाइन मागवलेली तार मागच्या वेळी गुंडाळीत अशी काही दुमडून आली की वाकवली की तुटायची. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं : टेबलावर बाटल्या आहेतच की! केचप, व्हिनेगर आणि ब्राउन सॉस. मुळातही धाकटा तीनच बाटल्या घेतो, दोनांत विष आणि तिसरी स्वतःसाठी चांगली. पार्ड्या त्याच टेबलावर बाटल्या सरकवत गोष्ट सांगेल, सोन्याच्या ढिगाऐवजी साखरेच्या पुड्या. तारेचे सांगाडे रद्द. नोंद ८ मधलं वेळापत्रकही रद्द, माफ करा.

एक जागा अजून टोचतेय. विक्रीला लागण्याच्या ऐन आधी पार्डनर म्हणून जातो की येशूची क्षमा हीच सगळ्यात चांगली, तुम्हाला मी फसवणार नाही. एवढं एकच वाक्य खरं, आणि लगेच दुकान सुरू. तिथे पार्ड्यानं कॅमेऱ्यातून नजर हलवावी का? मी अर्ध्या सेकंदासाठी, सहा फोटोंपुरती, त्याची नजर केकवर नेऊन बघणार आहे. जास्त झालं तर तो सुधारल्यासारखा दिसेल.

आणि शेवट. तो आधी हॅरी बेलीलाच बोलावतो, तूच सगळ्यांत बुडलेला पापी म्हणून. हॅरी जे उत्तर देतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्यांना ठाऊक आहे ते आत्ता हसताहेत. त्यावर पार्डनर रागानं एक शब्दही बोलत नाही. ज्याचं पोट आवाजावर, तो गप्प! मी तिथे टिप्पण्या बंद झाल्याची पाटी टाकणार होतो, पण ते नको. नऊ सेकंद, एकशे आठ फोटो, तोंड मिटलेलं, फक्त केसांची एक बट हलतेय. मेण लावलेले केस अखेर कामाला येतील.

मग सरदार मध्ये पडतो आणि दोघांना एकमेकांचं चुंबन घ्यायला लावतो. काल घाईत तेही करून पाहिलं. मेणाचा गाल मातीच्या ओठाला असा चिकटला की सोडवताना हॅरीचा वरचा ओठ पार्ड्याकडेच राहिला. कुणाकडे उपाय असेल तर सांगा. टाल्कम पावडर सुचवू नका, लावून झाली.