विसात दोन बोंडं

आज धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात कपाशीची बोंडं फोडून पाहणी झाली. एकरी वीस हिरवी बोंडं, प्रत्येक वेगळ्या झाडावरचं. वरून बोंड ठणठणीत दिसतं, फोडलं की आत गुलाबी अळी आणि पोखरलेली सरकी. विसात दोन निघाली की 10 टक्के, म्हणजे फवारणीची वेळ. मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री या अळीचे आठ-आठ पतंग आले तरी तेच. सापळे हेक्टरी पाच. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, वेळेवर बदलली नाही तर सापळा रिकामा राहतो आणि शेत निरोगी वाटतं!

हे ज्ञान येतं कुठून? नागपूरची कापूस संशोधन संस्था केंद्राची, राहुरीचं विद्यापीठ राज्याचं, गावात फिरणारा सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) कृषी विभागाचा. सगळ्यांना जोडायला जिल्ह्यात ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) आहे, खर्च केंद्र-राज्य 60:40. साखळी आहे, पण वेळ हातातून जाते. अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते, छिद्र बुजतं, मग औषध आत पोचतच नाही. नोंद वर जाऊन सल्ला खाली यायला आठवडा लागला तर फवारणीचे पैसे मातीत. मर्यादा ओलांडली की सल्ला तालुक्यातूनच निघावा, वर कळवणं नंतर करता येईल.

दुसरं, मे महिन्यातली लागवड अळीला लवकर खाद्य देते, म्हणून आपल्याकडे तिला आळा घालतात. पण घाट ओलांडला की सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश, आपला आळा तिथे चालत नाही. दोन्हीकडच्या कृषी अधिकाऱ्यांनी एप्रिलमध्येच एकत्र बसून लागवडीची तारीख ठरवायला हवी.